दोरावरचा हात

मी पोटासाठी वाकणाऱ्या वस्तू हलवते. नूडल्स, टूथपेस्टची वेटोळी, दुकानाच्या उद्घाटनाची लाल फीत, बागेला पाणी घालायचा पाइप. एकदा पोट साफ करणाऱ्या चूर्णाच्या जाहिरातीसाठी आख्खं आतडं हलवलं, आणि आतडं अजून आनंदी दिसायला हवं म्हणून त्या गिऱ्हाइकाने फोन करकरून माझं डोकं खाल्लं. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची दोन खोल्यांची जागा आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझा मॉनिटर. शेजारणींना वाटतं मी दिवसभर कसला तरी गेम खेळते. नवऱ्याला माहीत आहे मी काय करते, पण कोणी विचारलं तर त्यालाही नीट सांगता येत नाही.

तसं ते अवघड नाही. सॉफ्टवेअरमध्ये आधी एक रेघ काढायची, तिला आम्ही पाथ म्हणतो. मग वाकणारा आकार घ्यायचा, समजा दोर. दोराच्या अंगात जागोजागी पिना टोचायच्या, त्या पिना पाथला बांधायच्या आणि दोराला सांगायचं, बाबा रे, या रेघेवरून जा. तो जातो. पिना कमी पडल्या तर वळणावर पुठ्ठ्यासारखा मोडतो. जास्त झाल्या तर अळीसारखा वळवळतो. मधलं काहीतरी सापडेपर्यंत शिव्या घालत बसायचं. माझा स्वभाव वाईट आहे. मी माऊस भिंतीवर फेकून फोडलेले आहेत आणि मला त्याची फारशी लाज वाटत नाही.

हे काम मी विरारच्या एका क्लासमध्ये शिकले. तिथल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट आमच्या डोक्यात ठोकून बसवली. कुठलीही मोठी हालचाल दाखवायची तर तिच्या आधी थोडी उलटी हालचाल द्यायची. चेंडू उडायच्या आधी दबतो, माणूस उडी मारायच्या आधी खाली वाकतो, थप्पड मारायच्या आधी हात मागे जातो. ती दिली नाही तर बघणाऱ्याला सगळं खोटं वाटतं. सर हवेत थप्पड मारून दाखवायचे आणि वर्ग हसायचा. मला हसू यायचं नाही. आमच्या घरी थप्पड तशी येत नसे. बाबांचा हात मागे जाताना मी कधी पाहिलाच नाही, तो एकदम गालावरच असायचा. पण क्लासमध्ये सरांचं ऐकायचं असतं. मी हात मागे नेला, पास झाले, आणि पुढे बोटांना तीच सवय लागली.

माझं माहेर अर्नाळ्याचं. बाबा बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची, आणि घरसुद्धा बोटच आहे असं त्यांना वाटायचं. उलट बोललं की मार. आई काही गरीब गाय नव्हती. ती विरारच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि तिच्या तोंडाला भली भली गिऱ्हाइकं टरकून असायची. बाबांचे केस पिकायला लागले तशी ती त्यांना म्हातारा म्हणू लागली. ए म्हाताऱ्या, जेवायला ये. ए म्हाताऱ्या, पंखा बंद कर. ते ओरडायचे, ही टोप आपटायची. अशा मारामारीच्या घरात मी आणि माझा मोठा भाऊ वाढलो. त्याला मी दादा म्हणते. मार खाताना तो मला मागे घ्यायचा आणि स्वतः पुढे व्हायचा, हे मी कधी विसरणार नाही.

मे महिना संपत आला की मासेमारी बंद होते आणि बोटी वाळूवर ओढून घेतात. याला आमच्याकडे बोट शाकारणं म्हणतात. मी लहान होते तेव्हा हे काम हातांनी चालायचं. बोटीच्या पुढच्या टोकाला दोर बांधायचा आणि सगळी आळी दोराला लागायची, बायका-पोरांसकट. तांडेल मात्र ओढत नसे. तो ताणलेल्या दोरावर तळहात ठेवून दोराच्या बाजूने चालायचा. कुठे जोर कमी पडतोय, बोट कुठे अडकलीय, हे त्याला त्या हातातून कळायचं. मग तो हाळी द्यायचा आणि त्या हाळीवर सगळे एकदम ओढायचे. दोरावर फक्त तांडेलाचा हात, हा त्याचा मान होता. तेव्हा कधी दोर तुटला तर सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर ढुंगणावर पडायची आणि हसत सुटायची. लहानपणी मी सगळ्यात जास्त हसले असेन ती तेव्हाच.

मग ट्रॅक्टर आला. काथ्याच्या जागी नायलॉनचा दोर आला. ओढणारी माणसं बाजूला झाली, पण बाबांनी हात काढला नाही. ट्रॅक्टरला कोणाच्या तळहाताची गरज नव्हती, त्याला हाळीही ऐकू जात नव्हती. तरी बोट हलली की बाबा आपले ट्रॅक्टर आणि बोट यांच्या मधून, दोरावर हात ठेवून, ओरडत चालायचे. आम्हाला कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांना तसं बघितलं की सगळं जागच्या जागी आहे असं वाटायचं.

त्या वर्षी ट्रॅक्टरवर दादा होता. मी शाकारणीसाठी माहेरी आले होते आणि त्या सकाळी मासळी वाळवायच्या दांड्यांपाशी उभी होते. इंजिन धडधडत होतं. बाबा आणि दादा ट्रॅक्टरजवळ उभे राहून काहीतरी बोलले. काय ते कोणाला ऐकू आलं नाही. बाबांनी फाडकन दादाच्या थोबाडीत दिली, सगळ्यांसमोर, लग्नाच्या वयाच्या पोराला. दादाची टोपी वाळूत पडली. काही लोक हसले. त्याने टोपी उचलली, झटकली आणि वर जाऊन बसला.

बोट अर्धी वर आली होती. मी बोटीकडे बघत होते, कारण तिचा नवा रंग बघायला मी आले होते. मग बंदुकीसारखा आवाज झाला. ट्रॅक्टरच्या बाजूला, हुकाजवळ दोर तुटला होता. नायलॉनचा दोर ताणला की लांब होत जातो आणि तुटला की तो सगळा ताण एका फटक्यात परत घेतो. सुटलेलं टोक हुकाकडून बोटीकडे आलं आणि मध्ये बाबा होते. कानाखाली बसलं. बाबा जमिनीवरून उचलले गेले, मी ते पाहिलं, त्यांचे दोन्ही पाय वाळूच्या वर होते. पडले तेव्हा जबडा जागेवर नव्हता. आई धावत गेली, तिने पदराचा बोळा करून जखमेवर दाबला आणि बोळा आत गेला. त्यांचे डोळे उघडे होते. उजवा हात अजून तसाच होता, तळवा खाली, दोरावर ठेवल्यासारखा.

कोणीतरी ओरडलं, ‘झटका दिला! त्यानं झटका दिला!’

दादा ट्रॅक्टरवरून उतरून पळत येत होता. त्याला बाबांपर्यंत पोचूच दिलं नाही. कॉलर धरून खाली पाडला आणि लाथा घातल्या. एकाने वल्ह्याच्या दांड्याने पाठीत मारलं. ज्यांच्या लग्नात तो नाचला होता ती माणसं त्याच्या तोंडावर मारत होती. मी त्याच्या अंगावर पडले आणि समोर आलेल्या एका हाताला चावले, त्याची पकड सुटेपर्यंत चावले, तोंडात दुसऱ्याच्या रक्ताची चव आली. मग आई आली. मला वाटलं सोडवायला आली. तिच्या हातात त्याच दोराचा तुटलेला तुकडा होता. तिने तो दोन्ही हातांनी उगारला आणि दादाला झोडपलं. दर फटक्याला ती एकच शब्द म्हणत होती, ‘खुनी. खुनी.’ दादाने हात वर केला नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि ते गेले. गावाने तसं लिहून घेतलं नाही. सकाळची थप्पड सगळ्यांनी पाहिली होती. क्लच एकदम सोडला की ट्रॅक्टर उसळतो, दोराला हिसका बसतो आणि तो तुटतो, हे कोणालाही पटण्यासारखं होतं. रागाच्या भरात त्याने मुद्दाम हिसका दिला, असं आधी कुजबुजत आणि मग उघड बोललं जाऊ लागलं. दहाव्याला दादाला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. पिंडांना हात काकांनी लावला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांच्या जागी आता तेच तांडेल झाले होते.

दादा गास गावाला गेला. तिथे एका वाडीवाल्याकडे भाजीच्या कामाला राहिला. वाडीत ट्रॅक्टर होता, पण हा कुदळीने खणायचा. मालक म्हणायचे, अरे बाबा, कशाला हाडं मोडतोस, तर हा ऐकायचा नाही. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे बोलताना तोंडावर हात धरायचा. मी त्याच्यासाठी सुकी मासळी घेऊन जायचे. तो ती घ्यायचा आणि आईची तब्येत विचारायचा. इकडे आईसमोर दादा हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा मी काढला तर तिने मासे कापायची कोयती माझ्या दिशेने भिरकावली. ती दाराच्या चौकटीत रुतून बसली आणि मी ती उपटून परत तिच्या हातात दिली. मला दुसरं काही नको होतं. आईने त्याला घरात घ्यावं, एवढंच हवं होतं. पण मी तरी तिला काय सांगणार? तो आवाज झाला तेव्हा मी बोटीकडे बघत होते, ट्रॅक्टरकडे नाही. दादाने झटका दिला की नाही, मला माहीत नव्हतं. तो नाही म्हणाला होता आणि मी बरं म्हणाले होते, झालं.

पुढच्या शाकारणीच्या आधी काकांचा फोन आला. गावच्या मच्छीमार संस्थेत त्यांचं चालतं.

‘तू ते कार्टून करतेस नं? एक बनवून दे आमाला. दोर कसा मारतो ते दाखव. सगल्यांना टीव्हीवर लावून दाखवू.’

मी विचारलं, ‘आणि शेवटी काय लिहायचं?’

‘लिही की, ट्रॅक्टरवाल्यानं झटका देऊ नये.’

मी काकांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. फोन आपटला. मग जेवताना माझ्या लक्षात आलं की मी नाही केलं तर ते विरारमधल्या दुसऱ्या कोणाकडून करून घेतील आणि तो परका माणूस आरामात माझ्या भावाला खुनी करून देईल. मी काकांना परत फोन लावला आणि म्हटलं, करते.

बोट काढली, ट्रॅक्टर काढला. माणूस काढताना मी ठरवलं होतं की तो कोणीही असेल. पांढरी बंडी आणि टोपी, चेहरा नाही. पण चालायला लावला आणि ते बाबाच चालायला लागले, डावा खांदा जरा खाली पाडून. मी त्यांचा हात दोरावर ठेवला. मग दोर. दोराचा पाथ हुकापासून निघून त्यांच्या कानाखाली येऊन संपत होता, आणि मी त्या पाथवर पिना मागेपुढे करत होते. प्रीव्ह्यू लावायचा, बाबांना मारायचं, पसंत नाही पडलं की मागे जाऊन पुन्हा उभं करायचं, पुन्हा मारायचं. कधी दोर नूडलसारखा लडबडत यायचा आणि त्यांच्या गळ्यात फुलांच्या हारासारखा पडायचा. त्या वेळी मला इतका संताप यायचा की मी टेबलावर बुक्क्या मारायचे. एवढा मोठा माणूस असल्या गुळगुळीत दोराने मरतो होय? मला तो फटका तसाच हवा होता, जसा बसला होता. मी वेळ कमी केला, टोकाकडच्या पिना वाढवल्या, शेवटचं वळण आवळलं. तरी काहीतरी कमी होतं. मग तुटायच्या आधी मी दोराला थोडा ढिला सोडला, मध्ये झोळ दिला, आणि लगेच ताणून तोडला. आता बसला. आता दोर जिवंत झाला होता. मी एकटीच खोलीत ‘हां!’ म्हणून ओरडले आणि टाळी वाजवली. माझा बाप स्क्रीनवर हवेत उडाला होता आणि मी टाळी वाजवत होते.

रविवारी दुपारी दादा आला, वाडीतली वांगी घेऊन. नवरा बाहेर गेला होता. मी चहा टाकायला आत गेले आणि मॉनिटर बंद करायला विसरले. बाहेर आले तर तो उभा होता. स्क्रीनवर तेच पुन्हा पुन्हा चालू होतं.

‘थांबव,’ तो म्हणाला. मी थांबवलं. ‘मागं ने. हितं.’ त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘हितं दोराला काय झाला?’

‘ढिला पडला.’

‘आनि मग?’

‘मग ताणला गेला.’

‘म्हनजे झटका.’

मी हातातला चहा टेबलावर ठेवला.

‘बाय,’ तो म्हणाला, ‘तू पन?’

आणि त्याने मॉनिटरवर मूठ मारली. काच तडकली, अर्धी स्क्रीन काळी पडली, त्याच्या बोटांतून रक्त आलं. तो पुन्हा मारणार तेवढ्यात मी त्याला थप्पड मारली. ती मी मारायची ठरवली नव्हती. माझा हात मागे गेला नाही, तो एकदम त्याच्या गालावर होता. तो बाबांचाच हात होता. मग मी रडायला लागले, कारण मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. मी बापावर गेले होते. आणि तो झोळ मी कुठेही बघून काढलेला नव्हता. थप्पड मारायच्या आधी हात मागे न्यायचा, फटका बसायच्या आधी दोर ढिला करायचा, क्लासमध्ये शिकलेलं मी सवयीने तिथे घातलं होतं. छान दिसावं म्हणून मी माझ्या भावाच्या गळ्याला फास लावला होता.

‘बस,’ मी म्हटलं. ‘आता बसायचं आणि बघायचं.’

त्या दिवशीचा एक व्हिडिओ होता. आमच्या काकीने मोबाइलवर काढलेला. तो गावात प्रत्येकाच्या फोनवर फिरला होता आणि प्रत्येकाला त्यात झटका दिसला होता. मी तो कधी पूर्ण बघितला नव्हता, कोण बघेल? काकीचा हात सारखा हलत होता, त्यामुळे ट्रॅक्टर, बोट, दोर सगळंच त्यात उसळत होतं. पण मागे समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला होता. किल्ला काही उसळत नाही. फुटलेल्या मॉनिटरच्या उरलेल्या भागात मी तो व्हिडिओ उघडला आणि सॉफ्टवेअरला सांगितलं की किल्ल्याचा बुरूज पकड आणि तो जागचा हलू देऊ नकोस. किल्ला स्थिर झाला, मग चौकट त्याच्याभोवती हलायला लागली आणि पुढचं सगळं जसं घडलं तसं दिसायला लागलं. ट्रॅक्टर सावकाश, एका चालीने पुढे जात होता. दोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ होता, गजासारखा. मी एकेक फ्रेम पुढे नेली. सरळ. सरळ. सरळ. आणि पुढच्या फ्रेममध्ये नव्हताच. झोळ कुठेच नव्हता. हुकाजवळ लोखंडी कडेवर घासून दोर आधीच आतल्या बाजूने कुरतडला गेला असणार, तिथेच तुटला.

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं तो ओरडेल, नाचेल, निदान रडेल.

‘मना म्हाईत होता,’ तो म्हणाला. तो दोराकडे बघतच नव्हता. तो बाबांच्या हाताकडे बघत होता.

‘दादा, त्या सकाळी बाबांनी तुला कशावरून मारलं?’

‘असाच. कायतरी बोललो.’ त्याने रुमाल हाताला गुंडाळला आणि तो गेला. वांगी टेबलावर राहिली.

संस्थेच्या शेडमध्ये संध्याकाळी सगळे जमले. दुसऱ्या दिवशी शाकारणी होती. आई पहिल्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून बसली होती. दादाला मी बळजबरीने आणून बाहेर दाराआड उभं केलं होतं. आत ये म्हटलं तर तो येईना. मी आधी काकीचा व्हिडिओ लावला, किल्ल्याला पकडलेला. काय बघायचं ते सांगितलं. शेडमध्ये कुजबुज झाली. काकांनी तोंड वाकडं केलं.

‘हल्ली मोबाइलवर काय पन करता येते,’ ते म्हणाले. ‘भावासाठी केलास नं? ते वाक्य कुठाय? वाक्य टाक.’

‘वाक्य टाकणार नाही.’

‘मग बंद कर.’ त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला. मी त्यांचा हात इतक्या जोरात झटकला की रिमोट भिंतीवर जाऊन फुटला. ‘हात लावून बघा,’ मी म्हटलं, ‘मागच्या वर्षी कोणाच्या हाताला चावले होते ते विचारा गावात.’ ज्याला चावले होते तो तिसऱ्या रांगेत बसला होता, त्याने मान खाली घातली.

आणि मी माझं चित्र सुरू केलं. झोळ काढून टाकलेला. सरळ दोर, सावकाश जाणारा ट्रॅक्टर आणि मध्ये बंडी घातलेला माणूस, डावा खांदा पाडून, दोरावर हात ठेवून चालणारा.

आई उठून उभी राहिली.

‘ए म्हाताऱ्या,’ ती म्हणाली. आधी हळू, रोज बोलवायची तसं. मग तिचा आवाज फाटला. ‘ए म्हाताऱ्या, हात काढ!’

दोर तुटला, फटका बसला, माणूस उडाला. चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. माणूस पुन्हा चालायला लागला. आई टीव्हीपर्यंत गेली आणि त्या हातावर तळहात मारायला लागली. ‘काढ तो हात! काढ, मेल्या! तुला काय कमी होता, काढ हात!’ पुन्हा फटका. पुन्हा पहिल्यापासून. रिमोट फुटला होता, लॅपटॉप माझ्यासमोर होता, पण माझी बोटं चालेनात. ट्रॅक्टरकडे कोणी बघतच नव्हतं. सगळी शेड त्या हाताकडे बघत होती. त्यातल्या प्रत्येकाने तो हात वर्षानुवर्षं पाहिला होता आणि त्या दिवशीही पाहिला होता. मीसुद्धा.

कोणीतरी टीव्हीची वायर उपटली. आई वळली आणि तिला दारात दादा दिसला. तिचं ओरडणं ऐकून तो आत आला होता. ती त्याच्या अंगावर धावून गेली. दोघाचौघांनी अडवायला बघितलं, तिने त्यांना ढकलून दिलं आणि दादाच्या छातीवर बुक्क्या मारायला लागली.

‘तू वर बसला होतास! तुला दिसत होता नं हात त्याचा? मग बोलायचा ना त्याला! का नाय बोललास?’

‘बोललो ना, आये,’ दादा म्हणाला. त्याने तोंडावर हात धरला नव्हता. ‘सकालीच बोललो. दोराला हात नको लावू म्हटला. म्हनून तर मारला मना.’

आईच्या मुठी त्याच्या छातीवर तशाच राहिल्या. मग तिने त्याचा चेहरा धरून दिव्याकडे वळवला आणि त्या गालाकडे अगदी जवळून बघू लागली. वळ अजून तिथे असेल असं तिला वाटलं असावं. तिने त्यावरून अंगठा फिरवला. काका खुर्चीत बसले होते, ते उठून बाहेर निघून गेले. मला एवढा राग आला होता की मला दादालाच मारावंसं वाटलं. वर्षभर का सांगितलं नाहीस, असं मी त्याला घरी जाताना विचारलं. आई आमच्या पुढे चालत होती.

‘मेलेल्या मानसावर काय ढकलायचा,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळेला सगळे किनाऱ्यावर होते. ट्रॅक्टरवर चढायला दादा तयार नव्हता. आईने त्याच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा चढला. नवा दोर बांधला, दादाने ट्रॅक्टर जरासा पुढे घेतला, दोर ताठ झाला. काका तांडेल म्हणून पुढे झाले आणि हाळी द्यायला तोंड उघडता उघडता त्यांचा तळहात आपोआप दोरावर गेला. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळं पाहिलं होतं, तरी गेला.

आई बोटीचं वल्हं घेऊन उभी होती. तिने ते काकांच्या मनगटावर हाणलं. हाड वाजल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. काका शिवी देऊन हात पोटाशी धरून मागे सरले. आईने वल्हं आडवं धरून बाकीच्यांनाही मागे रेटलं, पार मासळी वाळवायच्या दांड्यांपर्यंत. दोराजवळ कोणी उरलं नाही. मग ती ट्रॅक्टरकडे वळली आणि ओरडली, ‘चालव रे!’